घराभोवतीच्या बागेची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाग करायची ठरली की पहिली धाव रोपवाटिकेकडे असते. गाडी भरून रोपं येतात, दोन दिवसांत जमिनीत जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. खालचे बहुतेक प्रश्न त्या धावेनंतरचे आहेत. आधी विचारले असते तर निम्मे पडलेच नसते. तुम्ही अजून रोपं आणली नसतील तर उत्तम, आधी पाणी कुठून वाहतं आणि पाय कुठून चालतात तेवढं बघून या.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

घरातून. ज्या खिडकीतून तुम्ही सगळ्यात जास्त वेळ बाहेर बघता, तिथे उभे राहा. बागेत आपण दिवसाकाठी अर्धा तास असतो, पण घरातून ती सारखी दिसत असते. चांगला ताटवा कंपाउंडच्या कडेला आणि खिडकीसमोर कचऱ्याचा डबा, अशी वाटणी फार घरांत दिसते.

मग चौकटीच्या कागदावर नकाशा काढा. एक चौकट म्हणजे १ फूट धरा. दारं, खिडक्या, नळ, गटाराची झाकणं, जमिनीखालच्या वायरी आणि पाइप, आधीची झाडं हे सगळं त्यात हवं. पाइपची जागा माहीत नसेल तर कुदळ मारण्याआधी शोधून काढा. कुदळीला ती पहिल्याच फटक्यात सापडते.

उन्हासाठी एकाच जागेवरून सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता फोटो घ्या. हेच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली राहतो आणि घराच्या उत्तरेची सावली बरीच लांबते. उन्हाळ्यात सहा तास ऊन मिळणारा कोपरा तेव्हा दिवसभर सावलीत असू शकतो.

नव्या घरात वर्षभर थांबून मगच बाग करावी म्हणतात. खरंच थांबायचं?

मोठी झाडं, पायवाटा आणि भिंती यांच्यासाठी, हो. बाकी जमिनीला कंपोस्ट देणं, तण काढणं, कुंड्या लावणं यासाठी थांबायचं कारण नाही. कुंडी चुकीच्या जागी ठेवली तर उचलता येते.

पाऊस पडला की भिंतीलगत पाणी साचतं. तिथे काय लावलं तर पाणी शोषलं जाईल?

काही लावून हे सुटत नाही, आधी उतार द्यावा लागतो. घराच्या भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन साधारण ६ इंच खाली गेली पाहिजे. फरसबंदी असेल तर दर फुटाला पाव इंच उतार पुरतो. तो चालताना जाणवत नाही, पण पाणी मात्र वाहतं. नळीत पाणी भरून केलेली साधी लेव्हल आणि दोन खुंट्यांना बांधलेली दोरी यांनी हे मोजता येतं. एक चूक मात्र हमखास होते. भिंतीलगत वाफा करायचा म्हणून विटांची उंच कड घालतात आणि बाहेर जाणारं पाणी आतच अडवतात.

हे पाणी किती असतं याचा अंदाज सहसा कमी पडतो. १,००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस पडला तर जवळपास २,३६० लिटर पाणी खाली येतं, तेही पन्हळीच्या दोन-चार तोंडांतून. म्हणून पन्हळीचं पाणी सरळ पायाशी न सोडता लांब न्या.

लांब कुठे, तर पाऊसबागेत. ही म्हणजे मुद्दाम केलेला उथळ खळगा, ६ ते ८ इंच खोल, तळ सपाट, कडा निमुळत्या आणि आत ओलं-कोरडं दोन्ही सोसणारी झाडं. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात घरांच्या आवारात असे खळगे करून पावसाचं पाणी जिरवायला सुरुवात झाली आणि तिथून ती पद्धत पसरली. खळगा घराच्या पायापासून निदान १० फूट दूर हवा. त्यातलं पाणी दिवस-दोन दिवसांत जिरलं पाहिजे, नाहीतर ते डबकं होतं.

जमीन तेवढं पाणी पिते का, हे आधी तपासा. १ फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. तासाला १ ते ३ इंच उतरली तर निचरा चांगला. अर्ध्या इंचाच्या आत राहिली तर त्या जागी पाऊसबाग करू नका. जमिनीखाली छिद्रांचा पाइप आणि खडी घालून पाणी पुढे न्यावं लागेल, किंवा झाडं उंच वाफ्यांत घ्यावी लागतील.

आमची माती कोणत्या प्रकारची आहे हे घरच्या घरी कळेल का?

रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ दोन-एक तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजले की प्रमाण कळतं.

चिकण माती सैल करायला वाळू मिसळू नका. हा सल्ला जुना आहे आणि चुकीचा आहे. थोडीफार वाळू मिसळलेली चिकण माती वाळल्यावर आणखीच टणक होते. २-३ इंच कुजलेलं कंपोस्ट पसरून वरच्या ६-८ इंचांत मिसळा आणि हे दरवर्षी थोडं थोडं करत राहा. नव्या घराच्या आवारात मातीखाली बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो. तो उपसण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. त्यावर अर्धा फूट लाल माती ओढली की वर्षभर सगळं छान दिसतं, मग मुळं खाली पोचतात.

पायवाट वळणदार करावी की सरळ?

लोक जिथून चालतात तिथून करावी. माझी पहिली पायवाट फाटकापासून दारापर्यंत झोकदार वळण घेत जायची. कागदावर ती फारच देखणी होती. महिनाभरात हिरवळीवर फाटक ते दार अशी सरळ पिवळी रेघ उमटली, दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे तिथूनच जायचे. शेवटी मी हरलो आणि फरश्या उचलून त्या रेघेवर टाकल्या.

वळण हवं असेल तर त्याला कारण द्या. वाटेत झाड असावं, मोठा दगड असावा, दाट झुडूप असावं, म्हणजे वळावंच लागतं. मोकळ्या जागेतलं नागमोडी वळण म्हणजे माणसाला तिरपं कापून जायचं आमंत्रण.

रुंदी पायांच्या हिशेबाने ठेवा. दाराकडे जाणारी मुख्य वाट ४ फूट हवी, म्हणजे दोघं बोलत शेजारी-शेजारी चालू शकतात. एकट्याने फिरायची वाट ३ फुटांची चालते. वाफ्यांच्या मधून पाणी घालायला जायचं असेल तर दीड-दोन फूट पुरे, पण ढकलगाडी न्यायची असेल तर पुरत नाहीत. कडेची झाडं वाढून वाटेवर झुकतात, हेही रुंदी ठरवताना धरा.

फरशी किंवा पेव्हर बसवायचे तर खाली ४ इंच ठोकून बसवलेली खडी-मुरूम आणि त्यावर इंचभर वाळू लागते. धुम्मस करण्यात आळस केला की दोन पावसांत फरश्या डुलायला लागतात. फरश्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट कड नसेल तर त्या हळूहळू बाहेर सरकतात. हिरवळीत सुटे दगड टाकायचे असतील तर एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण २ फूट अंतर ठेवा. आधी नुसते मांडून घरातल्या सगळ्यांना चालायला लावा, उंच माणसाच्या ढांगेने मांडलेल्या दगडांवर आजी चालू शकत नाहीत. दगडाचा माथा जमिनीला समतल हवा, म्हणजे गवत कापायचं यंत्र वरून जातं.

खाली कापड घालून वर खडी टाकली की तण कायमचं बंद होतं ना?

नाही. खालून येणारं तण काही वर्षं थांबतं. पण वाऱ्याने धूळ आणि पाचोळा येतो, खडीत त्याची माती होते आणि वरून पडलेलं बी त्यातच रुजतं. मग त्याची मुळं कापडात गुंततात आणि उपटणं आणखी अवघड होतं. वाटेखाली कापड ठीक आहे, तिथे ते खडी मातीत रुतू देत नाही. झुडपांच्या वाफ्यात मात्र मी ते घालत नाही. तिथे २-३ इंच पालापाचोळ्याचं किंवा सालींच्या तुकड्यांचं आच्छादन बरं. ते कुजतं आणि मातीलाच मिळतं. बुंध्याभोवती मात्र ते चार बोटं दूर ठेवा. बुंध्याशी आच्छादनाचा ढीग केला की साल ओली राहते आणि कुजते.

जागा उताराची आहे. सपाट करून घ्यावी का?

सगळी सपाट करू नका. बसायला एक सपाटी, चालायला पायऱ्या आणि उरलेल्या उतारावर दाट मुळांची झुडपं एवढ्यात काम होतं. उतारावर रोपं लावताना ओळी आडव्या घ्या, उभ्या ओळींतून पाणी माती घेऊन पळतं.

पायऱ्यांसाठी एक जुना नियम आहे. १७व्या शतकातले फ्रेंच वास्तुरचनाकार फ्रांस्वा ब्लाँडेल यांनी तो मांडला: उंचीची दुप्पट आणि पाय ठेवायची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यावी. आजच्या मापात ती २४ ते २६ इंच धरतात. घरातल्या जिन्यापेक्षा बागेत चाल संथ असते, म्हणून उंची ५ इंच आणि रुंदी १५ इंच घ्या, सुखाची होते. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी ठेवा. एकच पायरी इंचभर वेगळी असली तर पाय नेमका तिथेच अडखळतो.

माती अडवायला दगडी भिंत घालताना ती फुटाला इंच-दोन इंच मागे झुकलेली हवी, मागे खडी भरलेली हवी आणि तळाशी पाणी बाहेर पडायला भोकं हवीत. अशा भिंती मातीपेक्षा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने जास्त कोसळतात. ३ फुटांच्या वरची भिंत स्वतः रचू नका, जाणकार इंजिनिअरला विचारा.

झाड घरापासून किती लांब लावायचं?

ते पूर्ण वाढल्यावर केवढं होणार, हे विचारा आणि त्या घेराचं निम्मं अंतर तरी सोडा, वर थोडी मोकळीक ठेवा. लहान फुलझाडाला ८-१० फूट, मोठ्या सावलीच्या झाडाला २० फूट किंवा जास्त. वड, पिंपळ, उंबर यांची जात लहान आवारात, टाकीजवळ किंवा गटाराजवळ नकोच. झाडाची मुळं सरळ खोल जातात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. बांबू लावणार असाल तर बेट करणारी जात घ्या. जमिनीखालून धावणारी जात शेजाऱ्याच्या आवारात कोंब काढते, आणि मग ते वेगळंच प्रकरण होतं.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच ठेवा. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांना मिळतो ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. खोल पुरलेलं झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षं कुढत राहतं, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

वेगवेगळी चाळीस रोपं आणली, तरी बाग विस्कटलेली का दिसते?

चाळीस वेगवेगळी आहेत म्हणूनच. दहा प्रकार घ्या, प्रत्येकाची तीन, पाच, सात रोपं एकत्र लावा आणि त्यातले दोन-तीन गट पुढे पुन्हा येऊ द्या. डोळ्याला ओळखीचं काही पुन्हा भेटलं की त्याला बागेत धागा सापडतो.

निवडताना फुलांच्या आधी पानं बघा. फूल काही आठवडे असतं, पान वर्षभर. कर्दळीचं रुंद पान, गवती चहाची बारीक पाती आणि कामिनीची दाट बारीक पानं शेजारी आली की एकही फूल नसताना वाफा भरलेला दिसतो. मागे उंच, मध्ये मध्यम, पुढे बुटकं हा क्रम ठीकच आहे, पण मधूनच एखादं हलकं, आरपार दिसणारं उंच झाड पुढे येऊ द्या. नाहीतर वर्गाचा ग्रुप फोटो होतो.

रंगांबद्दल इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांची पद्धत अजून उपयोगी पडते. त्या चित्रकला शिकलेल्या, नजर फार अधू होत गेली तशा बागकामाकडे वळलेल्या. लांब ताटव्याच्या दोन्ही टोकांना त्या निळे, राखाडी, फिकट रंग ठेवत. मग पिवळा, मध्यावर केशरी आणि लाल, आणि पुन्हा उतरत फिकट. घरी एवढा लांब ताटवा नसतो. पण लाल-केशरी फुलं जवळ दिसतात आणि निळी लांब, एवढं त्यातून घ्या. अरुंद बागेच्या शेवटच्या कोपऱ्यात भडक लाल फुलं लावली की तो कोपरा अंगावर येतो.

संध्याकाळीच घरी येणाऱ्यांनी पांढरी आणि वासाची फुलं लावावीत. मोगरा, कुंती, पारिजातक, रातराणी. रातराणी खिडकीला चिकटून नको, तिचा वास काहींना डोकेदुखी देतो.

बाग छोटी आहे. मोठी भासावी म्हणून काय करू?

सगळी एका नजरेत दिसू देऊ नका. मध्ये कमरेएवढं झुडूप किंवा जाळीवरचा वेल आला आणि वाट त्यामागे गेली की पुढे आणखी काही आहे असं वाटतं, मग तिथे नुसता बाक असला तरी चालतो. आणि आवाराबाहेर बघा. शेजारचं जुनं झाड, लांबची टेकडी काही दिसत असेल तर तिच्यासमोर मोकळी फट ठेवा. जपानी बागांत याला शाक्केई, म्हणजे उसना घेतलेला देखावा म्हणतात. छोट्या जागेत छोट्या-छोट्या वस्तू मात्र मांडू नका. एक मोठी कुंडी दहा लहानांपेक्षा जागा मोठी दाखवते.

समोरच्या खिडकीतून आमचा बाक थेट दिसतो. कुंपण उंच करू?

कुंपण दहा फूट करूनही वरच्या मजल्यावरून दिसायचं ते दिसेलच. आडोसा बसणाऱ्याच्या जवळ आणा. बाकापासून ४-५ फुटांवर एक लहान झाड किंवा जाळीवर वेल असेल तर ती खिडकी झाकली जाते आणि बाकीचं आकाश मोकळं राहतं. बाकावर मांडव घालायचा तर उंची ८ फूट ठेवा, वेल खाली लोंबतो. भर वाऱ्याच्या जागी भरीव भिंतीपेक्षा झुडपांचं कुंपण बरं. भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो, झुडपांतून तो गाळून मंद येतो.

लॉन हवंच का?

मुलं खेळणार असतील, तुम्ही त्यावर बसणार असाल तर हवं. नुसतं बघायला असेल तर माझं मत नाही असं आहे. सगळ्या बागेत जास्त पाणी, जास्त कापणी आणि जास्त तक्रारी त्याच्याच असतात. झाडाखालच्या सावलीत तर लॉनचा हट्ट सोडाच, तिथे सावली मानवणारी जमिनीलगतची झाडं लावा. लॉन केलंच तर आकार साधा ठेवा, म्हणजे यंत्र कोपऱ्यात अडकत नाही, आणि एका वेळी पात्याची एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू नका.

शोभेच्या बागेत भाजी शोभेल का?

फ्रान्समधल्या व्हिलांद्री इथल्या प्रसिद्ध बागेत भाजीचेच नऊ चौकोन आहेत, सारख्या आकाराचे पण प्रत्येकाची नक्षी वेगळी. कोबीची निळसर पानं आणि बीटची लालसर पानं तिथे फुलांचं काम करतात. घरी एवढं नको, पण पुदिना, तुळस, मिरची, माठ यांच्या नीटनेटक्या कडा सुंदर दिसतात. (पुदिना कुंडीत लावा, नाहीतर बाग पुदिन्याची होते.) वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचणार असेल तर ४ फूट रुंद, भिंतीला लागून असेल तर २ फूट. फळभाज्यांना निदान सहा तास ऊन लागतं, पालेभाज्या थोड्या कमी उन्हावर भागवतात.

पाणी कमी आहे. काय बदलायचं?

तहानेप्रमाणे झाडांचे गट करा. जास्त पाण्याची घराजवळ आणि नळाजवळ, कमी पाण्याची लांब. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागेसाठी झेरिस्केप हा शब्द काढला, त्याचंही एक मुख्य सूत्र हेच. लोक त्याचा अर्थ खडी आणि निवडुंग असा करतात, ते तितकं खरं नाही.

मुरलेल्या झुडपांना रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवरच राहतात. पहाटे द्या, ठिबक असेल तर उत्तम. तासाला २ ते ४ लिटरच्या तोट्या घरगुती बागेला चालतात, फक्त झाड वाढेल तशा त्या बुंध्यापासून लांब सरकवायला विसरू नका.

छोटं तळं केलं तर डास होतील का?

साचलेल्या पाण्यात होतील. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. छोट्या पंपाने पाणी सतत हलतं ठेवा, किंवा पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी ओतून घासून भरा. घरात रांगतं मूल असेल तर तळं पुढच्या काही वर्षांवर ढकला. तोवर कण्हेर, धोतरा, एरंड आणि डायफेनबेकिया ही विषारी झाडंही त्याच्या हाताला लागतील अशा जागी नकोत.

दिवे किती लावायचे?

वाटतात त्याच्या निम्मे. पायऱ्यांवर, वाटेच्या वळणावर आणि एखाद्या झाडाच्या खोडावर खालून. २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार प्रकाश घ्या, पांढऱ्या-निळ्या दिव्यावर किडे जास्त येतात. १२ व्होल्टची जोडणी बागेत सुरक्षित असते. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. डोळ्यात येणाऱ्या दिव्यामुळे पुढची पायरी दिसत नाही.

कामांचा क्रम काय ठेवायचा?

आधी उतार आणि निचरा, मग जमिनीखालचे पाइप आणि वायरी, मग भिंती, पायऱ्या, वाटा. त्यानंतर माती, मोठी झाडं, झुडपं, आणि हिरवळ सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावरूनच बाकीचं सामान फिरणार असतं. प्रत्येक वाटेखालून एक रिकामा जाड पाइप आडवा टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून. दोन वर्षांनी दिवा किंवा ठिबकची नळी पलीकडे न्यायची ठरली की फरशी फोडावी लागत नाही. तो कुठे टाकला ते नकाशावर लिहा, मी लिहिलं नव्हतं.

पुतळे, रंगीत कुंड्या, कारंजं, रंगवलेले टायर यातलं काय ठेवू?

एका जागेवरून एकच दिसेल असं एक. बाकीचं कोठीत ठेवा, कंटाळा आला की अदलाबदल करता येईल. टायर मात्र कोठीतच राहू द्या.